तुलुमचे माया अवशेष: गेटच्या आत शिरायच्या आधीच काय काय चुकतं

ओळखीतल्या बऱ्याच लोकांना तुलुमचं प्लॅनिंग करून दिलंय, आणि तरी परत आल्यावर निम्म्यांची तक्रार तीच असते: ऊन, गर्दी, तीन-तीन तिकिटं, पार्किंगवाल्याने गंडवलं, बीच बंद होता आणि "दगडंच तर होती". दगड तर असणारच बाबा, पण सकाळी आठला बघितलेली दगडं आणि साडेअकराला घामाने निथळत बघितलेली दगडं यात फरक आहे. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन. इतिहास तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, इथे फक्त काय आधी, काय नंतर आणि कुठे फसायला होतं एवढंच.

तोंडओळखीपुरतं सांगते. मेक्सिकोच्या किन्ताना रो राज्यात, कॅरिबियन समुद्राच्या कड्यावर हे माया लोकांचं व्यापारी बंदर होतं. साधारण १३व्या ते १५व्या शतकात ते जोरात चालायचं. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला समुद्र. आकाराने फार मोठं नाही, नीट बघायला दीड-दोन तास पुरतात.

टप्पा १: कागद (विमानाचं तिकीट काढायच्या आधी, नंतर नाही)

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो. पण तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, यूके, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल किंवा तिथलं कायम वास्तव्याचं कार्ड असेल तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा होतो तो पुढे.

अमेरिकेत एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्या लोकांचा पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प बऱ्याचदा संपलेला असतो, कारण तिथे राहायला मंजुरीचा कागद आणि आय-नाइन्टीफोर (अमेरिकेत शिरल्याची नोंद) पुरतात, स्टॅम्पकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मेक्सिकोला मात्र तो मंजुरीचा कागद चालत नाही, त्यांना पासपोर्टमधला चालू व्हिसा दिसला पाहिजे. आमच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याला चेक-इन काउंटरवरूनच परत घरी जावं लागलं, रिसॉर्टचे पैसे भरलेले, पोरं रडतायत, सगळा तमाशा. वर त्यांचा युक्तिवाद असा, की तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परत आलं तर संपलेल्या स्टॅम्पवर अमेरिकेत घेतात असं वाचलंय. अहो, काही अटींवर घेतात, पण तो नियम अमेरिकेत परत येण्याचा आहे, मेक्सिकोत शिरण्याचा नाही. स्टॅम्प संपलाय तर आधी मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा काढा, मग रिसॉर्टचे फोटो बघा.

भारतातून येणाऱ्यांनी आणखी एक बघायचं: विमान कुठे बदलताय. अमेरिकेतून फक्त बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, विमानतळावरच थांबणार असलात तरीही. युरोपमार्गे येत असाल तर त्या त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम वाचा.

किन्ताना रो राज्य परदेशी पर्यटकांकडून 'विसितॅक्स' नावाचा वेगळा कर घेतं, तो ऑनलाइन भरता येतो. सर्च केल्यावर वरती दिसणारी पहिली साइट सरकारी असेलच असं नाही, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आणि जास्त पैसे घेणाऱ्या साइट भरपूर आहेत. राज्य सरकारच्या पत्त्यावरूनच जा.

*तपासा:* पासपोर्टमधल्या व्हिसाची शेवटची तारीख आत्ता उघडून बघा. आठवणीवर जाऊ नका. मेक्सिकोत उतरल्यावर इमिग्रेशनच्या शिक्क्यावर किती दिवस लिहून दिलेत तेही काउंटरवरच वाचायचं, हॉटेलवर जाऊन नाही.

टप्पा २: महिना, वार आणि घड्याळ

डिसेंबर ते एप्रिल कोरडं असतं, तेव्हाच या. जून ते नोव्हेंबर हा अधिकृतपणे वादळांचा हंगाम. म्हणजे रोज वादळ येतं असं नाही, पण बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या. साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, किनाऱ्यावर सारगासो येतं. तपकिरी समुद्री शेवाळ, ढिगाने येतं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास. अवशेष वर कड्यावर असल्यामुळे तिथे त्याचा त्रास नाही, पण निळ्याशार पाण्याच्या फोटोसाठीच जाणार असाल तर मनाची तयारी ठेवा.

उन्हाबद्दल लोक म्हणतात "आम्ही भारतातले, आम्हाला काय ऊन". तुलुम जवळजवळ नाशिकच्या अक्षांशावर आहे, म्हणजे सूर्य तसाच डोक्यावर येतो. वर समुद्राची दमट हवा आणि आत सावली जवळपास शून्य. नाशिकचा सूर्य आणि रत्नागिरीचा घाम एकत्र केला की तुलुम.

वार: रविवार टाळा. मेक्सिकन नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांना रविवारी पुरातत्त्वाचं तिकीट फुकट असतं, त्यामुळे सगळी कुटुंबंच्या कुटुंबं येतात. आपल्याला काही ते फुकट नाही, फक्त गर्दी मिळते.

वेळ: दार आठला उघडतं, पाचला बंद, आणि दुपारी साडेतीन-चारच्या पुढे आत सोडत नाहीत. कान्कुन आणि प्लाया देल कार्मेन या जवळच्या पर्यटन शहरांच्या टूर-बसेस आणि कोझुमेल बेटावर लागलेल्या क्रूझची माणसं दहा-साडेदहापासून यायला लागतात. म्हणून आठला तुम्ही तिकीट खिडकीवर उभं असायचं. आठला हॉटेलात नाश्ता सुरू होतो म्हणून थांबू नका, नाश्ता नंतर.

*सावधान, घड्याळ:* किन्ताना रो राज्य आणि शेजारचं युकातान राज्य यांच्यात एक तासाचा फरक आहे. तुलुम, कोबा (जवळचे दुसरे माया अवशेष), कान्कुन एका वेळेत. चिचेन इत्साचे अवशेष आणि बायादोलिद, मेरिदा ही शहरं एक तास मागे. तुम्ही आदल्या दिवशी चिचेन इत्सा करून बायादोलिदला राहिलात आणि मोबाइलने तिथलीच वेळ धरली, तर सकाळी तुलुमला पोचता तेव्हा तुमचे आठ म्हणजे तिथले नऊ. परतीच्या बसलाही हाच घोळ. बसच्या तिकिटावर नेहमी सुटणाऱ्या गावची वेळ असते. एक सोय मात्र आहे, किन्ताना रोमध्ये उन्हाळी-हिवाळी वेळ बदलत नाही, भारत तिथल्यापेक्षा वर्षभर साडेदहा तास पुढे. रात्री आठला फोन केलात तर आई सकाळी साडेसहाचा चहा घेत असेल.

टप्पा ३: मुक्काम

तुलुम म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बुकिंग करताना हे कोणी सांगत नाही. एक, गाव, म्हणजे पुएब्लो, हायवेवरचं. दोन, समुद्रालगतचा हॉटेलांचा पट्टा, महाग आणि संध्याकाळी ट्रॅफिकने तुंबलेला. तीन, अवशेष, गावापासून तीनेक किलोमीटर. माझं स्पष्ट मत: अवशेषांसाठी येताय तर आदल्या रात्री गावात राहा. सकाळी सायकल घेऊनही जाता येतं. कान्कुनला राहून सकाळी निघणारे १३० किलोमीटर येतात, म्हणजे पहाटे साडेपाचला निघायला हवं. ते होत नाही, मी अजून कोणाला जमलेलं बघितलं नाही. प्लाया देल कार्मेन साठेक किलोमीटर, तिथून जमू शकतं.

टप्पा ४: आदल्या रात्रीची बॅग

छोटी बॅग घ्या, मोठ्या बॅगा तपासणीत अडकतात. आत घालायचं ते असं:

१. पाण्याची स्टीलची किंवा कडक, परत भरता येणारी बाटली, माणशी किमान एक लिटर. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक बाटल्या गेटवर काढून घेतात. नळाचं पाणी प्यायचं नाही, हॉटेलातल्या मोठ्या कॅनमधून भरायचं.
२. टोपी, आणि पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट. सनस्क्रीनपेक्षा शर्ट बरा, कारण तिथे साधं सनस्क्रीन चालत नाही, प्रवाळाला चालणारं झिंकचं लागतं, आणि ते तोंडाला लावलं की आपण सगळे नाटकातल्या भुतासारखे दिसतो.
३. पेसोमधली रोख, सुट्ट्या नोटांसकट. मशीन बंद असलं की कार्डवाला बाजूला उभा राहतो.
४. पासपोर्टची फोटोकॉपी.
५. छोटी दुर्बीण असेल तर. देवळांवर चढता येत नाही, आणि बघण्यासारखं बरंच काही दारांच्या वर कोरलेलं आहे.

घ्यायचं नाही: ड्रोन, ट्रायपॉड (त्याला आधी परवानगी लागते), दारू, आणि चिवड्याचं पाकीट. हो, चिवडा पण. खाणं आत नेऊ देत नाहीत, आणि दिलं तरी तिथले इग्वाना तुमच्या मांडीवर येऊन बसतील. भले मोठे सरडे आहेत, दगडावर ऊन खात पडलेले. त्यांना खायला घालायचं नाही, पोरांना हे हॉटेलातच सांगून ठेवा.

एटीएमबद्दल एक: पैसे काढताना स्क्रीन विचारतो की "आमच्या दराने तुमच्या चलनात बदलून देऊ का". तिथे नाही म्हणायचं. नाही म्हटलं तरी पैसे येतात, तुमच्या बँकेच्या दराने येतात, आणि तो बहुतेक वेळा बराच बरा असतो. विमानतळावरची काही मशिनं पेसोऐवजी डॉलर देतात, बटण वाचून दाबा.

टप्पा ५: पोचणं, आणि पार्किंगवाले

प्लायाहून कोलेक्तिवो मिळते. ही आपल्या वडापसारखी व्हॅन, भरली की सुटते, हायवे ३०७ वरून तुलुमपर्यंत. ड्रायव्हरला बसतानाच "रुइनास" म्हणून सांगा, नाहीतर तो थेट गावात नेऊन सोडेल. एडीओ कंपनीच्या मोठ्या बसेस पण आहेत, एसी एवढा की शाल लागते. टॅक्सीला मीटर नाही, बसायच्या आधी आकडा ठरवा, आणि तो आकडा पेसोत आहे की डॉलरमध्ये हे पण विचारा. ॲपवरच्या टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. माया ट्रेन आता तुलुमपर्यंत आहे पण स्टेशन गावाच्या बाहेर पडतं, तिथून पुढची सोय आधी बघून ठेवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर ऑनलाइन दिसलेला दर म्हणजे अर्धी गोष्ट. समोरच्याच्या नुकसानीचा विमा तिथे सक्तीचा आहे आणि तो बऱ्याचदा काउंटरवर जोडला जातो, मग रोजचा दर बघून तोंड उघडंच राहतं. बुक करतानाच "सगळं धरून" किती ते लेखी घ्या. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. पेट्रोल भरताना मशीन शून्यावर आहे ना ते खाली उतरून बघा. आणि गावं आली की तोपे येतात, म्हणजे गतिरोधक, आपल्याकडच्यासारखेच बिनपट्ट्याचे, त्यामुळे आपल्याला सवय आहे असं म्हणायला हरकत नाही.

आता मुख्य. हायवेवरून वळलात की बिनबाह्यांचं जॅकेट घातलेली, गळ्यात कार्ड अडकवलेली माणसं रस्त्यात उभी राहून हात करतात. पुढे पार्किंग नाही, इथेच लावा, तिकीट इथेच मिळेल, बोट-टूरसकट घ्या स्वस्त पडेल. पहिल्या खेपेला मी पण थांबले. कार्ड बघून सरकारी माणूस वाटला, तिकीट म्हणून जे घेतलं ते पार्किंग, बोट आणि "गाइड" असं पॅकेज निघालं, आणि खऱ्या गेटवर प्रवेशाचे पैसे परत वेगळे भरले. भांडायला परत गेले तर तो माणूस दुसऱ्याच टेबलावर बसलेला, मला ओळखतच नव्हता.

*सावधान:* रस्त्यात कोणी हात केला तरी गाडी थांबवायची नाही, काच खाली करायची नाही, पुढे जात राहायचं. तिकीट फक्त खिडकीवर.

टप्पा ६: तिकिटं

इथे सगळ्यात जास्त लोक चिडतात. अवशेष आता 'पार्के देल हाग्वार' नावाच्या मोठ्या उद्यानाच्या आत आले आहेत, आणि पैसे घेणारी खाती वेगवेगळी आहेत: उद्यानाचं प्रवेशतिकीट, संरक्षित निसर्गक्षेत्राची फी, आणि पुरातत्त्व खात्याचं म्हणजे इनाहचं तिकीट. एकाने घेतले म्हणून दुसरा सोडत नाही, ही फसवणूक नाही, व्यवस्थाच तशी आहे. आकडे मी देत नाही कारण दर वाढत राहतात, निघायच्या आठवड्यात ताजा दर बघा आणि तिन्हींची बेरीज करून तेवढी रोख वेगळी ठेवा. जुन्या लेखांमधला "शंभर पेसोत काम झालं" वगैरे विसरा.

सगळ्या पावत्या आणि मनगटावरचा पट्टा शेवटपर्यंत जपा, आत परत विचारतात. आणि टॉयलेट इथेच उरकून घ्या, भिंतीच्या आत काही नाही, दुकान पण नाही. इथून अवशेषांपर्यंत चालायला साधारण किलोमीटरभर धरा, सोबत आजी-आजोबा असतील तर उद्यानातल्या गाडीची चौकशी करा.

गाइड घ्यायचा का? मी म्हणेन घ्या, आत पाट्या त्रोटक आहेत. पण चार गोष्टी आधी तोंडी पक्क्या करा: भाषा कुठली, किती वेळ, पैसे माणशी की ग्रुपचे, आणि सरकारी ओळखपत्र दाखव. "ग्रुपचे" म्हणून ठरवलं असेल तर शेवटी माणशी मागतात, तेव्हा गडबडू नका.

टप्पा ७: आतला क्रम

भिंतीतल्या दारातून आत जायचं. दार एवढं अरुंद की समोरून कोणी आलं तर थांबावं लागतं. इथेच दोन मिनिटं थांबा. भिंत ३ ते ५ मीटर उंच, काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत जाड, आणि एवढ्या मोठ्या भिंतीला दारं फक्त पाच. कोण आत येतं, काय घेऊन येतं, हे मोजायचं असेल तर दारं अशीच लागतात.

मग बाकीचं सगळं सोडून सरळ समुद्राकडे. बहुतेक गाइड उलटं नेतात, भिंतीपासून कड्याकडे. मी समुद्राकडून सुरू करते, कारण दोन. कड्यावरच्या जागा चिंचोळ्या आहेत, नऊनंतर तिथे सेल्फीची रांग लागते. आणि दुसरं म्हणजे माल समुद्राकडूनच यायचा. तुम्ही होडीतून उतरलेल्या माणसासारखे आत या, मग कुठली इमारत कुठे का आहे ते आपोआप कळत जातं.

१. वाऱ्याच्या देवाचं देऊळ आणि खालची पुळण. कास्तियोच्या (सगळ्यात उंच इमारत, पुढे येतेच) जवळ उभं राहून उत्तरेकडे बघितलं की टेकाडावरचं छोटं देऊळ आणि उजवीकडे निळं पाणी दिसतं, पोस्टकार्डवरचा फोटो तो हाच. खाली कड्यांच्या मधे वाळूची छोटी जागा आहे. समोर समुद्रात प्रवाळाची रांग आहे, तिच्यातल्या फटीतून होड्या आत यायच्या. मीठ, मध, सुती कापड, कोको, आणि ऑब्सिडियन म्हणजे काळी ज्वालामुखी काच, जी पार ग्वातेमालाच्या डोंगरातून यायची, सुऱ्या-पाती करायला. खाली उतरायचा लाकडी जिना बहुतेक वेळा बंद असतो. पोहायचे कपडे घालून येऊन इथे हिरमुसलेली माणसं मी प्रत्येक वेळी बघितली आहेत.

२. एल कास्तियो. सगळ्यात उंच इमारत, साडेसात मीटरच्या आसपास, १२ मीटर उंच कड्यावर. पाठ समुद्राकडे, तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी समोरून फोटो काढलात तर सूर्य तुमच्या तोंडावर आणि इमारत काळी. समोरचा फोटो सोडून द्या, बाजूने काढा. वरच्या दाराचे खांब सापाच्या आकाराचे आहेत, दुर्बीण इथे कामाला येते.

३. खाली उतरणाऱ्या देवाचं देऊळ. कास्तियोच्या शेजारीच, छोटं. दाराच्या वर कोनाड्यात पाय वर, डोकं खाली असा देव आहे. भिंती वाकड्या दिसतात, त्या पडत आलेल्या नाहीत, मुद्दामच तशा बांधल्यात. या देवाचा मधमाश्यांशी संबंध बरेच जण लावतात, आणि मध इथला विकायचा माल होता हे लक्षात ठेवून बघा.

४. भित्तिचित्रांचं देऊळ. सगळ्यात घाईत बघितली जाणारी आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा. आत जाता येत नाही, दोरीच्या बाहेरून बघायचं. आधी कोपऱ्यावर जा: दोन भिंती मिळतात तिथे एक मोठा चेहरा कोरलाय, डोळे-नाक-तोंड, समोरून अर्धाच दिसतो, कोपऱ्यावर उभं राहिलं की पूर्ण. मग खांबांच्या मधून आतल्या चित्रांकडे बघा, डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर द्या. फ्लॅश नाही.

५. मधला रस्ता आणि खांबांचं घर. उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता, दोन्हीकडे मोठ्या लोकांची घरं. भिंतीच्या आत मोजकेच राहायचे, बाकी वस्ती बाहेर. शेवटी भिंतीच्या कोपऱ्यावरची टेहळणीची चौकी लांबूनच बघून बाहेर पडायचं.

*तपासा:* गर्दीच्या दिवशी आतली वाट एकदिशा करतात. तसं असेल तर माझा क्रम गुंडाळून ठेवा, गार्ड सांगेल तसं जा, फक्त पुढे सरकायच्या आधी मागचं पूर्ण बघून घ्या, परत सोडत नाहीत.

टप्पा ८: दहा वाजता बाहेर, आता नाश्ता

शाकाहारी लोकांसाठी: "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, पण एवढ्याने भागत नाही. घेवड्याच्या उसळीसारखे जे फ्रिहोलेस येतात त्यात डुकराची चरबी असू शकते, भातात कोंबडीचं पाणी. "सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो" हे मोबाइलमध्ये स्पॅनिशमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा. संध्याकाळी गावात मार्केसिता मिळते, कुरकुरीत गुंडाळी आणि आत किसलेलं चीज, पिठात अंडं असतं, ते चालत असेल तर खा. पिवळी-केशरी हाबानेरो मिरचीची सॉस "आम्ही कोल्हापूरचे" म्हणून चमच्याने घेऊ नका. मी घेणाऱ्यांना बघितलंय.

दुपारी सेनोतेत, म्हणजे चुनखडीतल्या नैसर्गिक पाण्याच्या कुंडात, डुंबायचं असेल तर आधी शॉवर, अंगाला काहीही लावलेलं नको, पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट, पाणी खोल असतं.

आणि त्याच दिवशी कोबा जोडू नका, लोक जोडतात आणि दोन्हीचा चोथा होतो. जोडायचंच तर मुयिलचे माया अवशेष जोडा. हायवेने वीसेक किलोमीटर दक्षिणेला, दाट झाडीत, म्हणजे सावलीत, आणि माणसं फारच कमी. तिथून लाकडी वाटेने सरोवरापर्यंत जाता येतं (तिचं तिकीट परत वेगळं, आता सवय झाली असेल), आणि सरोवरातून माया लोकांनी व्यापारासाठी वापरलेल्या कालव्यात बोट नेतात. परतीच्या कोलेक्तिवो संध्याकाळी कमी होत जातात, म्हणून उतरतानाच ड्रायव्हरला शेवटची किती वाजता ते विचारून ठेवा, आणि तो सांगेल त्याच्या तासभर आधी रस्त्यावर येऊन उभे राहा.